मुठीतलं गाव

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, काचेच्या कपाटाच्या खालच्या फळीवर, त्या दाटीवाटीने उभ्या असतात. दोन-अडीच इंच उंचीच्या फुलदाण्या, सुरया, घागरी, वाडगे. रंग हस्तिदंती, काठाला सोन्याची बारीक रेघ आणि पोटावर एका ढालीचं रंगीत चित्र. ढालीवर कधी सिंह, कधी जहाज, कधी किल्ला, तर कधी माशाची शेपटी लावलेला सिंह. खाली फितीवर गावाचं नाव. एक फूलही नीट उभं राहणार नाही इतकं तोंड अरुंद. या वस्तूंना तिकडे ‘क्रेस्टेड चायना’ म्हणतात. सुटीवर गेलेल्या माणसाने घरी परतताना आठवण म्हणून विकत घ्यायची, दिवाणखान्यातल्या शेकोटीवरच्या फळीवर ठेवायची आणि आठवड्यातून एकदा पुसायची, एवढंच त्यांचं काम होतं.

कलेच्या इतिहासकारांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही. थोर कारागिरीच्या यादीत त्या बसत नाहीत, कारण लाखोंनी बनल्या. लोककलेत बसत नाहीत, कारण कारखान्यात बनल्या. हे पुस्तक त्यांना वेगळ्या नजरेने पाहतं. माझं म्हणणं असं, की या फुलदाणीचं मोल तिच्या नक्षीपेक्षा तिच्या इमानात आहे. ती एका ठिकाणाशी बांधलेली होती. तिचा आकार त्या मुलखात सापडलेल्या खऱ्या भांड्याचा असावा, तिच्यावरचं चिन्ह त्या गावाचं असावं आणि ती त्याच गावात विकली जावी, असा एक आग्रह तिच्यामागे होता. तो आग्रह जिथे टिकला तिथे या चिमुकल्या वस्तूत एका गावाचा इतिहास, त्याची मिजास आणि त्याचा समुद्रकिनाराही सामावला. तो जिथे सैल झाला तिथे उरली फक्त शोभा. पुढची सगळी पानं या एका धाग्याने ओवली आहेत.

फुलदाणी हातात आली की आधी ती उलटी करावी. खरा मजकूर तळाला असतो. पंख उघडून उडायच्या पवित्र्यातला ससाणा, त्याखाली ‘डब्ल्यू. एच. गॉस’ हे नाव, आणि बऱ्याचदा त्याहून खाली दोन-चार ओळी: हे अमुक भांडं, अमुक ठिकाणी, अमुक साली सापडलं, मूळ वस्तू अमुक संग्रहालयात आहे. न्यूबरीच्या चामडी बाटलीची प्रतिकृती घ्या. १६४४ च्या लढाईच्या रणभूमीवर ही बाटली सापडली, असं तिचा तळ सांगतो. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजा पहिल्या चार्ल्सची फौज आणि संसदेची फौज न्यूबरीजवळ दोनदा भिडली, १६४३ मध्ये आणि पुन्हा १६४४ च्या ऑक्टोबरात. कुणा शिपायाच्या कमरेला लटकलेली ती बाटली अडीचशे वर्षांनी पांढरीशुभ्र, बोटभर उंचीची होऊन एखाद्या शिंपिणीच्या किंवा रेल्वे कारकुनाच्या घरी पोचली. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला इतिहासाच्या पुस्तकातून जे भेटलं नसतं, ते तळाच्या दोन ओळींनी भेटवलं. स्वस्त वस्तूवर इतकं नेमकं लिहिण्याची गरज धंद्याला नव्हती. ते लिहिलं गेलं, कारण लिहिणाऱ्याला त्याची ओढ होती.

विल्यम हेन्री गॉस यांचा जन्म १८३३ चा, लंडनमधला. तिथल्या सरकारी चित्रशाळेत त्यांचं शिक्षण झालं. पुढे स्टॅफर्डशरमधल्या स्टोकच्या कोपलँड या नामांकित चिनी मातीच्या कारखान्यात त्यांनी काम केलं आणि १८५८ साली त्याच परिसरात स्वतःचा कारखाना काढला. त्यांचं पहिलं प्रेम पॅरियन. १८४० च्या दशकात स्टॅफर्डशरच्या कारखान्यांनी ही माती सिद्ध केली होती. भाजल्यावर ती संगमरवरासारखी दिसते, म्हणून ग्रीसच्या पॅरोस बेटावरच्या संगमरवराचं नाव तिला मिळालं. गॉस तिच्यातून नामवंतांचे अर्धपुतळे घडवत. पण त्यांच्या स्वभावाचं मर्म कळण्यासाठी आणखी एक नाव घ्यावं लागतं: लुएलिन ज्युइट. डर्बिशरमधली प्राचीन थडगी उकरून अभ्यासणारा, ‘रेलिक्वरी’ नावाचं पुराणवस्तूंना वाहिलेलं नियतकालिक चालवणारा आणि १८७८ मध्ये ब्रिटनच्या कुंभारकामाचा मोठा इतिहास प्रसिद्ध करणारा हा विद्वान गॉस यांचा जिवलग मित्र. मित्र गेल्यावर गॉस यांनी १८८९ साली त्याचं चरित्र लिहून काढलं. कारखानदाराने इतिहासकाराचं चरित्र लिहावं, ही गोष्ट त्या काळातही रोजची नव्हती. मातीतून निघालेलं जुनं मडकं आणि मातीतून घडवायचं नवं मडकं यांचं नातं या मैत्रीत घट्ट झालं असावं, असं मला वाटतं.

स्मृतिवस्तूंची कल्पना मात्र मुलाची, अडॉल्फस गॉस यांची. १८८० च्या दशकात ते वडिलांच्या व्यवसायात आले. विद्यापीठांची आणि शाळांची चिन्हं असलेल्या लहान वस्तू कारखान्यात आधीपासून बनत होत्या. विद्यार्थ्याला कॉलेजचं चिन्ह हवंसं वाटतं, तर सुटीवर आलेल्याला गावाचं चिन्ह का वाटणार नाही, हा विचार अडॉल्फस यांनी पुढे नेला. ते स्वतः गावोगाव हिंडले. संग्रहालयांत जाऊन जुन्या भांड्यांची रेखाटनं केली, कॅमेऱ्याने छायाचित्रं घेतली, प्रतिकृतीची परवानगी मिळवली. मग त्याच गावात एक दुकानदार गाठायचा, बहुधा पुस्तकांचा, कागदाचा किंवा भेटवस्तूंचा व्यापारी, आणि त्याला त्या गावापुरता एकमेव विक्रेता नेमायचं. नियम एकच आणि कडक: ब्लॅकपूलचं चिन्ह ब्लॅकपूलमध्येच विकायचं, यॉर्कचं यॉर्कमध्येच. लंडनमधल्या मोठ्या दुकानात बसून सगळ्या इंग्लंडची चिन्हं एकदम खरेदी करता येत नसत.

विक्रीच्या हिशेबाने हा नियम उलटा वाटतो, कारण गिऱ्हाईक समोर असताना माल द्यायचा नाही, असं तो सांगतो. पण याच नियमाने वस्तूला वजन आणलं. फळीवरची फुलदाणी कुणीतरी तिथवर गेल्याचा पुरावा ठरली. मावशीने आणून दिली असेल तर मावशी गेली होती. पोस्टाने मागवलेली नाही, शेजारच्या बाजारातली नाही. आज विमानतळावरच्या एकाच दुकानात दहा शहरांच्या चुंबकपट्ट्या ओळीने लटकतात, तेव्हा या नियमातली शहाणीव मला अधिकच जाणवते.

आकारांचं भांडार विलक्षण होतं. सॉमरसेटमधल्या ग्लास्टनबरीजवळ १८९२ साली आर्थर ब्युलिड या तरुणाला दलदलीत बुडालेलं लोहयुगातलं एक सरोवरगाव सापडलं. तिथल्या काशाच्या वाडग्याची प्रतिकृती गॉस यांनी काढली. वर्तमानपत्रांतून उत्खननाच्या बातम्या येत होत्या आणि त्याच सुमारास तो वाडगा पांढऱ्या मातीत दुकानात मांडला जात होता. सिल्चेस्टरच्या रोमन शहराचं उत्खनन १८९० पासून पुढे दोन दशकं चाललं, वस्तू रेडिंगच्या संग्रहालयात गेल्या आणि तिथलं कलशपात्र स्मृतिवस्तूंत आलं. व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणारा अमोनाइटचा जीवाश्म आला. वेल्सची उंच काळी टोपी आली आणि तिच्या काठावर अठ्ठावन्न इंग्रजी अक्षरांचं ते प्रसिद्ध गावनाव गोलाकार लिहिलं गेलं. ते लांबलचक नाव १८६० च्या दशकात गावाकडे प्रवाशांचं लक्ष वेधण्यासाठीच जुळवलेलं होतं, हे कळल्यावर टोपी आणखीच आवडू लागते. १८९३ पासून शेक्सपिअरच्या पत्नीचं स्ट्रॅटफर्डजवळचं घर, कवी बर्न्सचं जन्मघर अशी छोटी रंगीत घरंही निघाली. त्यांतल्या काहींच्या आत वातीचा दिवा लावता येई, मग खिडक्यांतून उजेड येई.

आता चिन्हाकडे वळू, कारण मराठी वाचकाला सगळ्यांत परका वाटणारा भाग हाच. युरोपात बाराव्या शतकात सरदारांनी आपल्या ढालींवर ठरलेली चित्रं काढायला सुरुवात केली. चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला माणूस ओळखू येत नाही. ढाल मात्र दुरून दिसते. म्हणून रंगांचे नियम ठरले. सोनं आणि चांदी हे दोन धातू, म्हणजे पिवळा आणि पांढरा; लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. लालावर सोनं चालेल, लालावर निळा चालणार नाही. रणांगणातल्या धुळीत जे उठून दिसेल तेच टिकलं. आजही युरोपातली जुनी चिन्हं एका नजरेत वाचता येतात ती या एका नियमामुळे. १४८४ साली राजा तिसऱ्या रिचर्डने लंडनमध्ये या चिन्हांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना सनद दिली आणि ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ उभं राहिलं. ते आजही चिन्हं मंजूर करतं.

सरदारांपाठोपाठ गावांनाही चिन्हं आली, आणि मला खरा रस या गावांच्या चिन्हांत आहे. ऑक्सफर्डच्या ढालीवर नदीचा उतार ओलांडणारा बैल आहे. गावाच्या नावाचाच तो चित्रार्थ. कॉव्हेंट्रीच्या ढालीवर पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती आहे, ज्या मुलखात हत्ती उभ्या जन्मात दिसत नसे त्या मुलखात. आइल ऑफ मॅनच्या चिन्हात चिलखत घातलेले तीन पाय मांडीशी जोडलेले आहेत आणि ब्रीद सांगतं, कसंही फेका, तो उभाच राहील. ग्रेट यार्मथ हे हेरिंग माशांवर जगलेलं बंदर; तिथल्या ढालीवर आधी चंदेरी मासे होते. १३४० च्या स्लॉइसच्या नाविक लढाईत गावाने राजाला साथ दिली म्हणून इंग्लंडच्या राजाचे सिंह त्यांना जोडून मिळाले, असं परंपरा सांगते. पण जोडताना दोन्ही चिन्हं उभी अर्धी कापून एकत्र केली गेली, त्यामुळे पुढचा भाग सिंहाचा आणि मागचा माशाचा असे तीन प्राणी तयार झाले. कोळ्यांचं गाव आणि राजसत्ता यांचं नातं इतक्या थोड्या जागेत दुसऱ्या कुठे मांडलेलं मी पाहिलेलं नाही. उलट ब्लॅकपूल नवं गाव. त्याला चिन्ह मिळालं १८९९ मध्ये आणि ब्रीद घेतलं ‘प्रगती’. जुन्या गावांच्या चिन्हांत संत आणि राजे आहेत, नव्यांच्या चिन्हांत आगगाडीनंतरचा आत्मविश्वास.

चिनी मातीवर कुलचिन्ह काढून घेण्याची हौस मात्र गॉस यांच्यापेक्षा कितीतरी जुनी, आणि तिची वाट आपल्या किनाऱ्यावरून जाते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि काही वर्षांतच त्यांची माणसं चीनच्या किनाऱ्याला लागली. १५२१ मध्ये वारलेल्या राजा मानुएल पहिल्याची चिन्हं असलेली निळी-पांढरी भांडी चिनी कारागिरांनी केली. युरोपसाठी मागणीनुसार चिनी मातीवर काढलेल्या चिन्हांतली ती सर्वांत जुन्यांपैकी. पूर्वेकडच्या पोर्तुगीज कारभाराची राजधानी पुढे गोवा झाली, हे लक्षात घेतलं की ती भांडी केवळ लिस्बनच्या इतिहासात मावत नाहीत. अठराव्या शतकात इंग्रज घराण्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून चीनला कुलचिन्हांची चित्रं पाठवून हजारो जेवणसंच करून घेतले. चितारी कँटनचा, त्याला ढालीवरचा सिंह कुणाचा हे ठाऊक नसे. चित्रावर शाईने लिहिलेली रंगांची नावंसुद्धा त्याने बशीवर जशीच्या तशी उतरवल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. असा संच यायला दोनेक वर्षं लागत आणि त्याची किंमत फक्त बड्या घराण्याला झेपे.

हीच चिन्हपद्धती एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखातही आणली गेली. १८७७ च्या दिल्ली दरबारात हिंदुस्थानच्या संस्थानिकांना रेशमी निशाणं देण्यात आली आणि त्यांवर युरोपीय धर्तीची कुलचिन्हं होती. ती आखून देण्याचं काम रॉबर्ट टेलर नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याने केलं. कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर ही घराणी त्यात होती. आपल्याकडे मोहोर होती, जरीपटका होता, भगवा होता. ढाल, शिरस्त्राण आणि आधार देणारे दोन प्राणी ही मांडणी त्या दरबारातून आली. चिन्ह वरून बहाल व्हायचं असतं, हा त्यामागचा अर्थही तिच्याबरोबर आला. या पार्श्वभूमीवर मला स्टोकच्या त्या फुलदाणीचं महत्त्व अधिक वाटतं. ज्या कुलचिन्हासाठी राजाची सनद लागे, ज्या चिनी मातीसाठी जहाज लागे, त्या दोन्ही गोष्टी तिने गिरणीतल्या मजुरणीच्या हातात ठेवल्या, तेही काही पेनीत. कुणाचं कुलचिन्ह म्हणून नाही, तर तिने पाहिलेल्या गावाचं चिन्ह म्हणून.

ती मजुरीण तिथवर पोचली कशी, हेही सांगायला हवं. १८४१ मध्ये टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी माणसांनी भरलेली आगगाडी नेली, माणशी एक शिलिंग. १८७१ मध्ये सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि इंग्लंडला वर्षात चार नव्या सुट्या मिळाल्या. लँकशरच्या कापडगिरण्यांच्या गावांत याहून जुनी रीत होती, ‘वेक्स’ची. मूळ हा चर्चच्या संताचा उत्सव, आपल्याकडची गावजत्राच म्हणा. गिरण्या आल्या तरी जत्रा सुटली नाही. मालकांनी शेवटी हार मानून त्या आठवड्यात गिरण्या बंद ठेवायला सुरुवात केली आणि अख्खी गावं आगगाडीत बसून समुद्राकडे निघू लागली. या सुटीचा पगार मिळत नसे. पगारी सुटीचा कायदा यायला १९३८ उजाडलं. म्हणून माणसं वर्षभर दर आठवड्याला बचत मंडळात थोडे थोडे पैसे टाकत. अशा पैशांतून, परतीच्या आदल्या संध्याकाळी, ती फुलदाणी घेतली जाई. तिला किरकोळ म्हणणाऱ्याने ते पैसे कसे साठले हे आधी पाहावं.

स्टोकच्या कुंभारकामगारांचीही अशीच सुटी ऑगस्टात येई आणि तीही ब्लॅकपूलला, लँडुड्नोला, ऱ्हिलला जात. त्यांच्या हातांबद्दल या विषयावरच्या पुस्तकांत फार कमी लिहिलं जातं. कॉर्नवॉलमधून आलेली पांढरी चिनी माती, फेल्डस्पार आणि पाणी यांचं दाट दुधासारखं द्रव मिश्रण प्लॅस्टरच्या साच्यात ओतायचं. प्लॅस्टर पाणी शोषून घेतं, भिंतीला मातीचा पातळ थर धरतो. उरलेलं मिश्रण ओतून टाकलं की आत पोकळ फुलदाणी तयार. ती वाळवून, सांधे घासून, बाटलीच्या आकाराच्या प्रचंड कोळसाभट्टीत भाजायची. मग झिलई आणि पुन्हा भाजणी. त्यानंतर ताम्रपटावरून कागदावर छापलेली चिन्हाची काळी रेघ फुलदाणीवर उतरवायची आणि तिच्या आत रंग भरायचे. हे काम बायका आणि मुली करत. नखाएवढ्या ढालीत सिंहाची जीभ लाल आणि नखं निळी ठेवायची, रंग रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि असं दिवसभर, एकामागून एक. रंग धातूंच्या ऑक्साइडांचे, काचेसारखे वितळणारे. शेवटच्या मंद भाजणीत ते झिलईवर कायमचे बसत. शंभर-सव्वाशे वर्षांनीही ते उजळ आहेत. भिंग घेऊन पाहिलं तर कुंचल्याचा फटकारा दिसतो आणि एकाच गावाच्या दोन ढाली कधी तंतोतंत सारख्या नसतात.

त्या परिसराच्या हवेबद्दल गोड बोलता येणार नाही. सहा गावं मिळून झालेल्या या कुंभारमुलखात शेकडो भट्ट्यांचा धूर सदैव साचलेला असे. मातीच्या धुळीने फुप्फुसं झिजत. झिलईतल्या शिशाने होणाऱ्या विषबाधेचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इतका गंभीर झाला, की सरकारला तज्ज्ञ नेमून चौकशी करावी लागली. सगळ्यांत जास्त झळ तरुण स्त्री-कामगारांना बसत होती. समुद्रावरची स्वच्छ हवा ज्या वस्तूतून आठवायची, ती अशा हवेत घडत होती. या पुस्तकातली चित्रं पाहताना हे विसरू नये अशी माझी इच्छा आहे.

गॉस यांचं यश पाहून इतर कारखाने उतरले. १९०३ च्या सुमारास हॅरल्ड टेलर रॉबिन्सन यांनी ‘आर्केडियन’ हा शिक्का आणला. कार्लटन, शेली, ग्राफ्टन, विलो आर्ट अशी किती तरी नावं पुढे आली. बोहेमियातल्या कार्ल्सबादहूनही ‘जेमा’ शिक्क्याचा स्वस्त माल येई. या मंडळींना संग्रहालयांचं ओझं नव्हतं. त्यांनी मांजरं केली, डुकरं केली, बूट, टोप्या, खुर्च्या, गलबतं केली आणि त्यांवर हवं ते चिन्ह लावलं. काही फारच गोड आहेत. चेहरा खुलवणाऱ्या वस्तूला नाकं मुरडायची माझी तयारी नाही. पण डुकराच्या पोटावरचं चेस्टरचं चिन्ह चेस्टरबद्दल काही बोलत नाही. आणि खुद्द गॉस यांच्या घरीही इमान पूर्ण नव्हतं हे मान्य केलं पाहिजे. चिन्ह गावाबाहेर जाणार नाही हा नियम टिकला, पण आकार हळूहळू सगळीकडे गेले. ग्लास्टनबरीच्या वाडग्यावर भलत्याच किनाऱ्यावरच्या गावाचं चिन्ह सर्रास सापडतं. म्हणूनच आज संग्राहक आकार आणि चिन्ह एकाच ठिकाणचं असलेल्या नगाला जास्त मानतात आणि जास्त मोजतात. त्यांना हे कुणी शिकवलं नाही, ती जाण आपोआप आली.

संग्राहकांची चळवळही लवकर उभी राहिली होती. जे. जे. जार्विस यांनी १९०० साली ‘गॉस रेकॉर्ड’ ही पुस्तिका काढली. कुठल्या गावात कुठला विक्रेता, कुठले आकार उपलब्ध, याची ती जंत्री. सायकलवरून, आगगाडीने, माणसं ती यादी हातात घेऊन गावं पालथी घालू लागली. १९०४ मध्ये संग्राहकांचा संघ स्थापन झाला. सभासदांसाठी खास म्हणून जो आकार निघाला, तो ब्रिटिश म्युझियममधल्या पोर्टलँड फुलदाणीचा. रोमन काळातली ती काचेची फुलदाणी १८४५ मध्ये एका माणसाने फोडली होती आणि तुकडे जुळवून ती पुन्हा उभी केली गेली होती.

मग १९१४ आलं. समुद्रकिनाऱ्यांवरची गर्दी ओसरली आणि चिनी मातीत तोफगोळे, रुग्णवाहिका, विमानं, युद्धनौका दिसू लागल्या. १९१६ च्या सप्टेंबरात सोमच्या लढाईत रणगाडा पहिल्यांदा उतरला आणि थोड्याच काळात तो शोभेच्या फळीवर आला. हे रणगाडे पहिल्यांदा घडले ते लिंकन शहरातल्या एका कारखान्यात. त्यामुळे लिंकनचं चिन्ह, म्हणजे लाल क्रूसावर सोनेरी लिलीचं फूल, अंगावर घेतलेला पांढरा रणगाडा हा मला या सगळ्या काळातला सर्वांत अस्वस्थ करणारा आणि सर्वांत प्रामाणिक नग वाटतो. ठिकाण, चिन्ह आणि आकार तिन्ही तिथे जुळतात. युद्ध संपल्यावर लंडनमधल्या ‘सेनोटाफ’ स्मारकाच्या आणि गावोगावच्या स्मृतिस्तंभांच्या प्रतिकृती निघाल्या. ज्या घरांतून मुलगा परत आला नाही, त्या घरांत त्या गेल्या. सुटीच्या आठवणीसाठी सुरू झालेली परंपरा शोकालाही पुरली.

त्यानंतरची घसरण लवकर सांगून टाकतो. विल्यम गॉस १९०६ मध्येच गेले होते. युद्धानंतर घरांची सजावट साधी झाली, फळ्या मोकळ्या झाल्या, मंदी आली. १९२९ मध्ये गॉस घराण्याचा कारखाना कॉल्डन पॉटरीजकडे गेला. तिच्यामागे होते तेच रॉबिन्सन, ज्यांनी स्वस्त मालाने स्पर्धा उभी केली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. पुढची पंचवीस-तीस वर्षं या वस्तू कचऱ्यात आणि जुन्या बाजारात जात राहिल्या. १९७० च्या आसपास संग्राहक पुन्हा एकत्र आले आणि तेव्हापासून त्यांच्या याद्या, सूची, अभ्यास सुरू आहेत. त्यांचं ऋण या पुस्तकाच्या पानापानावर आहे.

पुढच्या पानांतली चित्रं मी कारखान्यांच्या किंवा सालांच्या क्रमाने लावलेली नाहीत, गावांच्या क्रमाने लावली आहेत. प्रत्येक वस्तूची दोन चित्रं आहेत, एक समोरून आणि एक तळाचं, कारण तळ न दाखवता ही वस्तू छापणं म्हणजे पुस्तकाचं फक्त वेष्टन छापणं. ज्या नगाचा आकार आणि चिन्ह एकाच गावाचं आहे त्याला पूर्ण पान दिलं आहे. बाकीचे लहान आहेत. सुरुवात विंचेस्टरपासून केली आहे. पाच किल्ले आणि दोन सिंह हे त्याचं चिन्ह, आणि आकार तिथल्या धान्य मोजायच्या प्रमाण मापाचा. या मापाने शतकानुशतकं इंग्लंडचा गहू आणि जव मोजला गेला आणि अमेरिकेतला बुशेल आजही त्याच मापाचा आहे, सुमारे पस्तीस लिटरांचा. गॉस यांच्या प्रतिकृतीत मूठभर गहूही मावत नाही, पण मूळ मापाचे दणकट कान आणि त्याची बसकी ठेवण तिने नीट पकडली आहे. तिथून आपण दक्षिणेला समुद्राकडे जाऊ.